धर्म : तपास चालू

आमच्या उस्मानपुऱ्यातले सुखदेवमामा कुठल्याही फॉर्मवर ‘धर्म’ या रकान्यापुढे एकच उत्तर लिहितात : ‘तपास चालू’. रेशनकार्ड असो, बँकेचं खातं असो, नाहीतर मोतीबिंदूच्या शिबिराचा कागद. मोतीबिंदूला धर्म कशाला लागतो हे मलाही कळलेलं नाही, पण मी मुकाट्यानं भरून देतो. मामा देत नाहीत. खिडकीतला कारकून कागद परत ढकलतो, “असं चालत नाही” म्हणतो, आणि मामा सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, “माझी हरकत हाय! लिहून घ्या.”

हरकत हा त्यांचा श्वास. भजी कुणाच्या तरी उत्तरपत्रिकेत बांधून दिली म्हणून त्यांनी एकदा गाडीवाल्याला अर्धा तास झापलं होतं. “पोराला गणितात चार मार्क, अन् वर तेल! काय इज्जत ठेवली त्याची?” भजी मात्र सगळी खाल्ली.

वाळूजच्या एका कारखान्याच्या गेटवर हजेरी घेण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. लग्न केलं नाही. आता आमच्या खालच्या खोलीत राहतात आणि गल्लीतल्या सगळ्यांचे फॉर्म फुकट भरून देतात. मी मराठा, माझी बायको सुजाता बौद्ध. आमच्या नोंदणी लग्नाला दोन्हीकडचे रुसून बसले, तेव्हा साक्षीदार म्हणून मामाच उभे राहिले. तिथंही हरकत नोंदवलीच. कशावर, ते आता आठवत नाही.

आम्हाला मूल झालं नाही. दत्तक घ्यायचं ठरवलं. नोंदणी, घरभेट, पोलिसांचा दाखला, डॉक्टरांचा दाखला, असं करत तीन वर्षं वाट पाहिल्यावर आठ महिन्यांच्या एका मुलीचा फोटो आला. मुलगी आमच्याच शहरातल्या एका धार्मिक ट्रस्टच्या शिशुगृहात होती. कुठल्या धर्माच्या, ते सांगत नाही. कुठल्याही धर्माचा ट्रस्ट असता तरी मामा तेवढेच ओरडले असते.

आम्ही तिला भेटून आलो. तिनं सुजाताचं बोट धरलं ते सोडेचना. आणि निघताना व्यवस्थापकांनी एक हमीपत्र पुढं केलं : मुलीला ट्रस्टच्या श्रद्धेप्रमाणेच वाढवू.

“कायद्यात हे कुठं आहे?” मी विचारलं.

“कायद्यात नाही, आमच्या ट्रस्टच्या घटनेत आहे. आम्हालाही आमची श्रद्धा पाळायचा हक्क आहे ना साहेब? याच श्रद्धेपोटी आम्ही ही मुलं उकिरड्यावरून उचलून आणली. तेव्हा तुमचा कायदा नव्हता आला.”

माणूस शांतपणे बोलत होता आणि त्याचं निम्मं खरं होतं, म्हणून मला जास्तच संताप आला. खोटी सही करून मोकळं व्हावं असंही मनात आलं. सुजाता म्हणाली, “पोरगी खोट्यावर आणायची नाही.” मुलगी मिळणार की नाही, ते आता एका कागदावर अडलं होतं.

मी खाली येऊन मामांना सांगितलं. त्यांनी हरकतसुद्धा घेतली नाही. दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून दारात उभे. “चल.”

शिशुगृहात शिरताच मात्र आवाज लागला. “श्रद्धा तुमची हाय ना? मग तुम्ही पाळा, लई पाळा! ह्या पोरीची श्रद्धा सध्या अंगठा चोखण्यावर हाय. तिला खामखा कशाला मधी घेता? माझी हरकत हाय! लिहून घ्या!”

व्यवस्थापक उठले. इतक्यात आतल्या दारातून एक म्हातारा आवाज आला. “कोण, सुखदेव का रे?”

काठी टेकत एक बाई आल्या. नव्वदीकडे झुकलेल्या, डोळ्यांनी अधू. “लहानपणी बी असाच बोंबलायचा. तुझा तपास लागला का रे?”

मामांचा आवाज एकदम खाली आला. “नाय बाई. चालू हाय.”

मला काही कळेना. बाईंनीच सांगितलं. तेव्हा हे शिशुगृह त्याच चालवायच्या. मामा दोन वर्षांचे असताना पोलिसांनी त्यांना इथं आणून सोडलं होतं. रजिस्टरात धर्मापुढे हवालदारानं लिहिलं होतं, ‘तपास चालू’. पुढं कोणी तपास केला नाही.

“एक जोडपं आलं होतं तुझ्यासाठी. चष्मेवाले,” बाई म्हणाल्या.

“दोनदा आले. मला पेरू दिला होता.”

“ते आपल्यातले नव्हते. मीच नाही म्हटलं. माझ्या श्रद्धेत बसत नव्हतं तेव्हा.” बाईंनी मामांच्या दिशेनं मान वळवली. “चुकलं का रे माझं?”

आयुष्यभर कुणाला सूट न दिलेला हा माणूस. मी हरकतीची वाट बघत राहिलो. मामा वाकले, बाईंच्या पाया पडले. “नाय बाई. तुम्ही जेवू घातलं.”

रिक्षात ते एकच बोलले. “त्या चष्मेवाल्यांच्या घरी सायकल होती म्हणे.”

ट्रस्टच्या समितीत बाई काय बोलल्या ठाऊक नाही. आठ दिवसांनी फोन आला. हमीपत्राचं नावही कोणी काढलं नाही. मुलगी घरी आली, आणि पहिले सहा महिने खालच्या खोलीतच जास्त राहिली.

यंदा तिला बालवाडीत घालायचं होतं. फॉर्म अर्थातच मामांनी भरायला घेतला. धर्माच्या रकान्याशी पेन थांबलं. मी आपला गमतीनं म्हणालो, “लिहा की, तपास चालू.”

मामा असे भडकले की पोरगी दचकून सुजाताला बिलगली. “तोंड सांभाळून बोल! हिचा कसला तपास? ही घरी पोचली. हिचा तपास संपला!” आणि त्यांनी रकान्यावर पट्टी ठेवून आडवी रेघ मारली.

मग स्वतःचा पेन्शनचा फॉर्म ओढला, चष्मा पुसला, आणि धर्मापुढे नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिलं : ‘तपास चालू’.