बायकोकडे न गेलेली रेघ

नात्यागोत्यातलं मला जेवढं कळतं तेवढं ब्रह्मदेवालाही कळत नसेल! अहो, पगारच त्याचा घेतो मी. आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर माणसांची जाळी विणतात. माणूस म्हणजे ठिपका, नातं म्हणजे रेघ. पण सगळ्या रेघा सारख्याच! सख्खा भाऊ आणि इस्त्रीवाला एकाच मापाचे! मी साहेबांना म्हटलं, "रेघेला जाडी हवी, दिशा हवी. थांबा, आमच्या घरच्यांवरच करून दाखवतो."

लगेच घरच्या ग्रुपवरचे सगळे मेसेज कॉम्प्युटरमध्ये ओतले. जो ज्याला जास्त लिहितो, त्याची त्याच्याकडे जाणारी रेघ जाड. चित्र इतकं देखणं आलं, की मी ते ग्रुपवरच टाकलं आणि खाली लिहिलं, 'कुणाचा कुणावर किती जीव, पाहा!'

पहिला फोन आत्याचा.

"मेल्या, सगळ्यात जाड रेघ माझी? आणि ती तुझ्या काकूकडे?"

"आत्या, तू तिला रोज केवढं लिहितेस!"

"भांडते मी तिच्याशी!"

कॉम्प्युटरला भांडण कळत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तोवर आत्यानं तेच ग्रुपवरही लिहिलं, काकू रुसून ग्रुपमधून बाहेर पडली आणि तिची समजूत काढायला काकाही गेला. एवढ्यात सासूबाईंचा फोन!

"जावईबापू, आमच्या मुलीकडून तुमच्याकडे चांगला दोरखंड आलाय. तुमच्याकडून तिच्याकडे काहीच कसं नाही?"

मागून सासरे म्हणाले, "अगं, शाई संपली असेल."

मी स्वयंपाकघरात धावलो. बायको भांडी घासत होती आणि एकही भांडं वाजत नव्हतं. हे लक्षण फार वाईट! तिच्या एकाही मेसेजला मी उत्तर दिलं नव्हतं, हे खरंच होतं.

"अगं, पद्धतच चुकली माझी. आपण समोरासमोर बोलतो, ते त्यात कुठं येतं?"

"काय बोलतो आपण?" तिचे डोळे भरले होते.

मी घाईघाईनं आठवू लागलो. "हे बघ, सकाळीच नाही का विचारलं, चष्मा कुठंय? कालही विचारलं. रोज विचारतो! ते सगळं धरलं तर रेघ केवढी जाड होईल!"

तिनं हात पुसले. माझ्या कपाळावरचा चष्मा ओढून नाकावर बसवला.

"अहो, ती रेघ तुमची आणि चष्म्याची. मी नुसती वाटेत उभी असते."

शास्त्राच्या दृष्टीनं तिचं अगदी बरोबर होतं. तेच जास्त लागलं!