हमीदभाईंचं सहा भोकांचं यंत्र

हमीदभाई मुकादमांनी चष्मा घ्यायला दीड वर्ष लावलं. नंबर काढून झाला होता, डोळ्यांपुढे अक्षरं नाचत होती, पण फ्रेम कुठली घ्यावी हे ठरत नव्हतं. तेवढे दिवस घरची पत्रं ते माझ्याकडून वाचून घेत. त्यामुळे दाभोळच्या मुकादमांच्या घरात कुणाचं कुणाशी पटत नाही, हे मला अजून पाठ आहे.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. कतारमधल्या मेसईदच्या तेलबंदरावर, त्याला तेव्हा आम्ही उम सईद म्हणायचो, एका कंपनीच्या स्टोअरमध्ये हमीदभाई मुख्य कारकून आणि मी टायपिस्ट. राहायलाही एकाच खोलीत. कंपनीचा माल मागवताना हा माणूस अगदी चोख. नट असो की नळ, कॅटलॉगचा नंबर तोंडपाठ, आणि तो कधी चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पण कुणी स्वतःसाठी काही मागवायला सांगितलं, की त्याचं नशीब. "वस्तू घ्यायची म्हणजे सोयरीक, तांबे," ते मला म्हणायचे. "घराणं बघायला नको?"

अशा माणसाला हार्पर साहेबांनी बंदुकीच्या काडतुसांचं यंत्र मागवायला सांगितलं.

हार्पर साहेब टाक्यांकडचे इंजिनियर. म्हातारे, विधुर, बंगल्यात एकटे. शौक एकच, नेमबाजी. काडतुसं बोटीने यायची तेव्हा यायची, म्हणून साहेब झाडलेली काडतुसं घरीच पुन्हा भरत. बुडाची जुनी टोपी, म्हणजे बार पेटवणारी टिकली, काढायची, नवी बसवायची, पितळी नळी मापात आणायची, दारू घालायची, वर गोळी दाबायची. प्रत्येक कामाला वेगळा साचा. त्यांचं यंत्र झिजलं होतं. तसंच साधं नवं हवं, एवढंच त्यांनी सांगितलं.

हमीदभाईंनी जन्मात बंदुकीला हात लावला नव्हता. त्यांनी इंग्लंड-अमेरिकेहून कॅटलॉगं मागवली आणि जेवणघरात जाहीर केलं की यंत्रात दोन जाती असतात. साध्यात एका वेळी एकच साचा बसतो, काम बदललं की तो पिळून काढायचा आणि दुसरा पिळून घालायचा. दुसरी जात टरेट प्रेस. तिच्या डोक्यावर गोल चकती, चकतीत सगळे साचे आधीच बसवलेले. मसाल्याचा डबा फिरवून हवी ती वाटी पुढे घ्यावी, तशी चकती फिरवायची.

मग चार भोकांची चकती की सहा भोकांची, यावर दोन महिने गेले. फिरणारं डोकं डुगडुगत नाही ना, म्हणून त्यांनी कारखानदाराला माझ्याकडून चार पानी पत्र टाइप करून घेतलं. पलीकडून सभ्य उत्तर आलं. हमीदभाईंना ते फारच सभ्य वाटलं. "मुलीत खोट असली की बाप असाच गोड बोलतो," म्हणाले आणि दुसऱ्या कंपनीला लिहिलं.

पुढे त्यांनी कंपनीच्या सुताराकडून यंत्राचा लाकडी नमुनाच करवून घेतला. दांड्याच्या जागी आमचं लाटणं. खोलीवर चहाला येईल त्याने आधी लाटणं ओढायचं, चकती फिरवायची, मग कप मिळायचा. पाहुणे कमी झाले. आमच्या पोळ्यांचे आकार तर विचारूच नका.

आठ महिने झाले. साहेब दर आठवड्याला विचारायचे, हमीदभाई "इन्शाल्ला, साहेब" म्हणायचे. शेवटी साहेबांनी बजावलं, की मी साधं यंत्र सांगितलंय, आजच्या आज ऑर्डर द्या. हमीदभाईंनी मान डोलावली, माझ्या टेबलाशी आले आणि सहा भोकांच्या टरेट प्रेसचा नंबर सांगितला.

मी थांबलो. साहेबाचा हुकूम बदलायचा म्हणजे नोकरीशी खेळ, हे त्यांना बजावलं. ते शांतपणे म्हणाले, "टाइप कर."

खोकं उघडलं तेव्हा साहेब लालबुंद झाले. हे काय, असं त्यांनी विचारलं. हमीदभाई म्हणाले, नंबरात माझी गफलत झाली. साहेबांनी ते लेखी मागितलं. त्यांनी लेखी दिलं. कधी नंबर न चुकलेल्या माणसाच्या फायलीत चूक कबूल केल्याचा कागद लागला, आणि मीच तो टाइप केला. सगळं स्टोअर हसलं. मीही हसलो.

महिन्याभराने साहेब स्टोअरमध्ये आले. एरवी शिपाई पाठवायचे. हमीदभाईंनी सहीसाठी कागद पुढे केला. साहेबांनी खिशातून पेन काढलं, इकडेतिकडे पाहिलं आणि ते हमीदभाईंपुढे धरलं. हमीदभाईंनी टोपण फिरवून काढलं, पेन परत दिलं आणि रजिस्टरात डोकं घातलं. सही वेडीवाकडी आली. जाताना साहेब एवढंच म्हणाले, की ते यंत्र ठीक चाललंय.

शुक्रवारी आम्ही कंपनीच्या बसने दोह्याला निघालो होतो. मुद्दाम तोच नंबर का सांगितला, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी हळू आवाजात सांगितलं. साहेबांची बोटं आखडत चाललीत, हे हमीदभाईंना वर्षभर माहीत होतं. साचे पिळून काढणं साहेबांना जमलं नसतं, आणि तसं कुणी तोंडावर बोललं असतं तर त्यांनी शौकच सोडला असता.

"मग चकती फिरवता येईल, हे तरी कशावरून?" मी म्हटलं.

"म्हणून तर सगळ्यांना लाटणं ओढायला लावलं. जेवणघरातल्या त्या म्हाताऱ्या खानसाम्याची बोटं तशीच हायेत. त्याला जमलं, तेव्हा ठरवलं."

मग आपणहून बोलले. त्यांचे वडील दाभोळला गलबतं बांधायचे. म्हातारपणी हात कापायला लागले, तेव्हा मुलांनी एके दिवशी त्यांच्या हातातला वाकस, लाकूड तासायचं हत्यार, काढून घेतला. पायावर पडेल म्हणून. मुलांत हमीदभाई थोरले.

"आम्ही चांगल्यासाठीच केलं, तांबे. बापूस एक शब्द बोलला नाय. पण त्या दिसापासून बंदरावर गेला नाय तो. पावसाळ्याआधी खलास."