सहकार्यशील ग्राहक

आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या स्टोअरकीपरांना एक वाईट सवय होती. ते फोन उचलत. नंबर कुणाचा हे न बघता, दुसऱ्या रिंगला. पंपांच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं त्यांनी आलेल्या मालाची पोच दिली होती. दारात आलेलं काहीही नोंद केल्याशिवाय परत पाठवणं त्यांना जमतच नसे. कारखाना बंद पडला, मुलीच्या कॉलेजसाठी काढलेल्या कर्जाचे तीन हप्ते थकले आणि वसुलीचे फोन सुरू झाले, तेव्हा त्यांनी कोरी वही आणून रकाने आखले: अनुक्रमांक, वेळ, बोलणाऱ्याचा सूर, शेरा.

"अहो, नका ना उचलू," वहिनी म्हणायच्या. "वाजून वाजून गप्प बसतील."

"आपण देणं लागतो ना? मग उत्तर तरी द्यायला नको?"

वहिनींचं म्हणणं किती शास्त्रशुद्ध होतं ते पुढे कळलं. कर्ज देणाऱ्या कंपनीत थकबाकीदारांचे दोन वर्ग असतात. फोन न उचलणारे ते 'संपर्काबाहेर'. त्यांच्यामागे वेळ घालवणं परवडत नाही, म्हणून काही महिन्यांनी कंपनी निम्म्या रकमेत मिटवून टाकते. उचलणारे ते 'सहकार्यशील', आणि त्यांच्याकडे विशेष लक्ष पुरवलं जातं. पहिल्या आठवड्यात रोज चार फोन आले, दुसऱ्यात रोज अकरा. प्रत्येक फोननंतर एक बाई विचारायच्या, "आमच्या प्रतिनिधीने आपल्याला दिलेल्या इशाऱ्याला पाचपैकी किती गुण द्याल?" स्टोअरकीपर नीट विचार करून गुण द्यायचे. एकदा त्यांनी दोन दिले, तर दोनच का दिले हे विचारायला तिसऱ्याच विभागाचा फोन आला. तेव्हापासून त्यांनी कुणालाही चाराच्या खाली उतरवलं नाही.

बहुतेक फोनांवर एकच आवाज असे, खर्जातला आणि थकलेला. हा वसुलीवाला आधी दम द्यायचा, कारण दमाचा मजकूर त्याच्यापुढे छापलेला होता. तो वाचून झाला की माणसासारखा बोलायचा. चौथ्या आठवड्यात कळलं, की तोही पूर्वी एका बंद पडलेल्या कारखान्यात स्टोअरकीपरच होता. मग दोघं नटबोल्टांच्या खणांवर वीस वीस मिनिटं बोलू लागले. वहीत शेरा पडला: 'माल चांगला'.

अशात एका नव्या कारखान्यात स्टोअरकीपरच्या जागेसाठी आमच्या शेजाऱ्यांची मुलाखत झाली. साहेब खूश झाले. म्हणाले, "अर्ज बुधवारपर्यंत घेतोय. गुरुवारी दहा ते बारा फोनजवळ थांबा. तीनदा लावू. नाही लागला तर यादीतला पुढचा."

त्या संध्याकाळी स्टोअरकीपरांनी वसुलीवाल्याला गळ घातली. "बाबा रे, गुरुवारी तेवढे दोन तास मला कुणीही फोन करू नका. नोकरी लागली की पहिला पगार तुमचाच."

वसुलीवाला गहिवरला. "दादा, मी स्वतः तुमचा अर्ज भरतो. फोन न करण्याची विनंती, नमुना क्रमांक नऊ. कारण लिहावं लागतं हां. कारखाना कुठला? जागा कसली? साहेब कोण? पगार किती म्हणाले?"

स्टोअरकीपरांनी सगळं पत्त्यासकट सांगितलं.

गुरुवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसले. दहा वाजून एक मिनिटाने फोन वाजला.

"अभिनंदन! आज दहा ते बारा फोन न करण्याची आपली विनंती मंजूर झाली आहे. अटी वाचून दाखवते. एकूण चौतीस आहेत."

"बाई, नंतर ऐकलं तर?"

"मध्येच फोन ठेवल्यास विनंती रद्द होऊन नियमित फोन तत्काळ सुरू होतील."

सातव्या अटीला दुसरा नंबर चमकला. एकोणिसाव्या अटीला पुन्हा चमकला. अटी संपल्या, तर त्या समजल्या का हे तपासायला प्रश्न आले आणि मग गुण देण्याची वेळ आली. तेवढ्यात तिसऱ्यांदा चमकला. "ठेवा हो तो फोन!" वहिनी ओरडल्या. स्टोअरकीपरांनी चार गुण दिले, मग आयुष्यात पहिल्यांदा फोन आपटला. बारा वाजेपर्यंत तो पुन्हा वाजला नाही. कंपनी शब्दाला जागली होती.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः कारखान्यात गेले. स्टोअरच्या खिडकीतून प्रश्न आला, "पूर्ण नाव सांगा." आवाज खर्जातला होता.

स्टोअरकीपरांनी नाव सांगितलं. "दादा," वसुलीवाला म्हणाला, "चार महिने पगार नव्हता, नुसतं कमिशन. आणि तुमच्याकडून तर काहीच वसूल झालं नाही ना!"

हे ऐकून माझं डोकं तडकलं असतं. स्टोअरकीपरांनी त्याच्या खांद्यावरून आत नजर टाकली. "रबरी सील खालच्या खणात नका ठेवू, ओल लागते," एवढं सांगून ते घरी आले.

सोमवारी मी त्यांची विचारपूस करायला गेलो होतो, तेव्हा फोन वाजला. नवा आवाज होता. लिहायला हात मोकळे असावेत म्हणून त्यांनी स्पीकर लावलेला.

"हा फोन तुमच्या कर्जाबद्दल नाही. आमच्या एका माजी प्रतिनिधीने आमच्याकडूनच कर्ज काढलंय आणि ओळखीत तुमचं नाव दिलंय. ओळखता का त्याला?"

"ओळखतो."

"कसा माणूस आहे?"

"कामाचा. अडचणीत होता."

"कमाल आहे. तुम्हीही ओळखीची पाच माणसं दिली होती, तुमचे साडू, मेहुणा, जुने साहेब वगैरे. पाचही जणांनी आम्हाला सांगितलं, की असा कुणी माणूस आपल्याला माहीत नाही."

स्टोअरकीपरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाचवं नाव माझं होतं. वहिनी माझ्यासाठी चहा घेऊन आल्या आणि मी तो प्यायलो.

मला नावं ठेवायला हरकत नाही. फक्त मागच्या महिन्यात एक अनोळखी नंबर आला होता, अमुक गृहस्थांना ओळखता का असं विचारत होता, त्याला आपण काय सांगितलंत तेवढं आठवून मग ठेवा.