साखरे मास्तरांची जीप

आमच्या गल्लीत कुणाची गाडी बिघडली की पहिला आनंद होतो साखरे मास्तरांना. आजारी माणसाला भेटायला जावं तसे ते बिघडलेल्या गाडीला भेटायला जातात. फक्त हातात शहाळ्याऐवजी पाना असतो. बॉनेटवर हलकेच टकटक करतात, कान लावतात, आणि मालकाला मोठ्या आशेने विचारतात, "मग, भंगारातच देणार न्हवं?"

मालक चिडतो. मास्तर चिडत नाहीत. "तसं न्हाई. देणारच आसलात तर आधी मला सांगा. फेकू नका, लागतं!"

'फेकू नका, लागतं' हे वाक्य अंबाजोगाईच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. माझा कुकर निकामी झाला तेव्हा मी तो दाराबाहेर ठेवून आत गेले, तोवर त्याचं रबर नाहीसं झालं होतं. आज ते मास्तरांच्या जीपच्या डाव्या दिव्याभोवती आहे. पावसाचा थेंब आत जात नाही. माझ्या कुकरला ते इतकं नीट कधीच बसलं नव्हतं.

मास्तर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. उंच, किडकिडीत, आणि बोलणं अखंड. बायको नलूकाकी, निवृत्त नर्स. मुलगी लग्न होऊन पुण्याला. शेजारी मी. मास्तर मला ताई म्हणतात आणि कुंपणावरून हाक मारून दिवसभराचा अहवाल देतात, मी ऐको न ऐको.

ती जीप त्यांना चकलांब्याला सापडली. कुणाच्या तरी लग्नाला गेले होते. जेवून हात धुवायला एका वाड्यामागे गेले आणि परत पंगतीकडे आलेच नाहीत. तिथे बाभळीखाली ती उभी होती. टप नाही, सीट नाही, काच नाही, चारही टायर बसलेले. मागच्या बाजूला एक कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि फुटक्या तळातून घुसलेली बाभळीची फांदी गिअरच्या दांड्याशेजारून वर आली होती.

"ताई, काय सांगू! गिअर कंचा आन् फांदी कंची, कळंना! पर जीव हाय तिच्यात."

मालकाला ती नकोच होती, पण मास्तर मागतायत म्हटल्यावर त्याला ती एकदम प्रिय वाटू लागली. शेवटी सौदा ठरला तो असा, की मास्तरांनी त्याच्या कैलासवासी वडिलांचं मोठं तैलचित्र काढून द्यायचं. वडिलांचा फोटो होता रेशनकार्डावरचा, नखाएवढा. मास्तरांनी चित्र काढलं, वर मिशा थोड्या भरघोस करून दिल्या. मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं. कोंबडीच्या अंड्यांतून पिल्लं निघेपर्यंत सगळे थांबले, आणि मग जीप एका रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोत चढून आमच्या गल्लीत आली.

मास्तरांचा नियम एकच होता. विकत घ्यायचं नाही, मिळवायचं. पेन्शनीला हात न लावता गाडी उभी करायची. बंद पडलेल्या थेटरातल्या दोन खुर्च्या पुढच्या सीटा झाल्या. एकीवर अजून 'बाल्कनी' असं लिहिलेलं आहे. टप शिवला कापसाच्या गाडीवरच्या जुन्या ताडपत्रीचा. आरसा दिला सलूनवाल्याने, त्याच्या दुकानाची पाटी रंगवून देण्याच्या बोलीवर. स्पीडोमीटर कुठेच मिळेना, तेव्हा त्या भोकात मास्तरांनी घड्याळ बसवलं.

"आहो मास्तर, वेग कसा कळणार?"

"वेग कशाला? किती वाजले ते कळलं म्हंजे झालं. उशीर झाला तर जोरात हाणायची!"

इंजिनाचं काम मात्र हमीदभाईंचं. चौकात त्यांचं गॅरेज आहे. माणूस अबोल. पहिल्या दिवशी त्यांनी जीपभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "मास्टर, ये गाडी नईं. ये याद है." तरीही रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत यायचे. रेडिएटर गळायला लागला तेव्हा मास्तरांनी माझ्याकडून वाटीभर हळद नेऊन त्यात ओतली. गळती थांबली. मग मास्तर गल्लीभर सांगत सुटले, "पयली पिठल्यापुरती हळद होती, आता इंजिनाला हाय!"

या सगळ्यात नलूकाकी कुठे होत्या? ओट्यावर. मांडीवर परात घेऊन काहीतरी निवडत. निवृत्त झाल्यापासून त्या हळूहळू मिटत गेल्या होत्या. आधी देवळात जाणं थांबलं, मग बाजार, मग कुंपणावरच्या गप्पा. काय होतंय विचारलं तर "कुठं काय" म्हणायच्या. डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं होतं, शरीराला काही नाही, त्यांना बाहेर न्या. मास्तर नेऊ बघायचे, पण त्या उठायच्या नाहीत. मास्तर जीपमधून ओरडायचे, "नलू, डायनामो मिळाला!" काकी म्हणायच्या, "हं." मान वर न करता.

खरं सांगायचं तर मला मास्तरांचा राग यायचा. घरात बायको अशी आणि हा माणूस दिवसभर लोखंडात!

मग गाडी सुरू करायचा दिवस उजाडला. सकाळपासून गल्ली गोळा झाली. जीपला हिरवा रंग दिला होता, पुढे झेंडूचा हार. हमीदभाई स्टिअरिंगवर बसले. चावी फिरवली. इंजिन घरघरलं, खोकलं, गप्प झालं. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर नुसता एक उचकीसारखा आवाज. लोक हसायला लागले. कुणी म्हणालं, "कोंबडी परत आणा!" मास्तर मात्र जीपकडे बघतच नव्हते. ते ओट्याकडे बघत होते.

"चोक ओढा की आधी."

आवाज ओट्यावरून आला होता. सगळे वळले. नलूकाकींनी हातातली परात खाली ठेवली होती.

"गार इंजिन हाय. चोक न ओढता कसं चालू होईल? कशाला बॅटरी मारताय? सरका तुमी हमीदभाई."

पदर खोचून काकी पायऱ्या उतरल्या, 'बाल्कनी'त जाऊन बसल्या, एक बटण ओढलं, पायाने काहीतरी दाबलं, आणि जीप अशी काही गर्जली की समोरच्या लिंबावरचे सगळे कावळे उडाले. गल्लीत टाळ्या, शिट्ट्या! मास्तर टुणकन शेजारच्या खुर्चीत. हमीदभाई मागे चढले, हात देऊन मलाही वर ओढलं, आणि काही कळायच्या आत आम्ही गल्लीबाहेर.

"काकी, तुम्हाला गाडी येते?" मी मागून ओरडले.

"आमच्या आरोग्य केंद्राची जीप आशीच होती! ड्रायव्हर दादांनी शिकवलं. ते आजारी पडले की मीच न्यायची. युसूफ वडगावच्या बाजूला तवा रस्ता कुठं होता? नदीतनं काढायची!"

डोंगराचा चढ लागला. जीप धापा टाकायला लागली. काकींनी खटकन गिअर बदलला. "हितं सेकंड. मागं बाळंतीण आसली की फर्स्ट, म्हंजे हिसका बसत न्हाई. एक पोरगी तर गाडीतच झालती. आता कालेजात शिकवती ती!"

वारा, धूळ, इंजिनाचा आवाज आणि त्यावर चढलेला काकींचा आवाज. मास्तर दोन्ही हातांनी टपाचा दांडा घट्ट धरून, डोळे मिटून बसले होते. हमीदभाई माझ्या कानाशी म्हणाले, "मास्टर को ड्रायविंग नईं आती. डर लगता है उनको. और चोक का मैं सुबेच बोला था. बोले, हाथ मत लगाना."

घाटमाथ्यावर काकींनी गाडी थांबवली, बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं. हमीदभाई त्यांच्याशेजारी. मास्तर खाली उतरले आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसले. मी त्यांच्याजवळ गेले.

"ही तीच जीप आहे का मास्तर? आरोग्य केंद्राची?"

"न्हाई हो. ती कवाच मोडीत गेली. ही तसलीच." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू झाला होता. "ताई, जल्मभर मी बडबड केली आन् तिनं मला गप बसवलं. तीच गप झाली. मग मी बडबडतच राह्यलो. थांबवणार कोण? रातंदिस माझाच आवाज. लई भ्या वाटायचं बघा त्या घरात."

मास्तर चष्मा लावून पुन्हा नेहमीसारखे सुरू झाले, "आता हिला मागं एक शिडी लावायची, आन् वर—"

"आवो, गप बसा," बॉनेटखालून काकी ओरडल्या, "आन् पाना आणा इकडं."

मास्तर शिडीचं वाक्य तिथेच सोडून उठले आणि पाना घेऊन जवळजवळ धावतच गेले.