उजवीकडचा गोळा

स्वतःच्या छातीत काय चाललंय ते स्वतःलाच कळू नये, हा कुठला न्याय? अहो, मी सरकारी कचेरीत साहेबांचं इंग्रजी वाचणारा माणूस! एका फोटोला भिणार होय?

महिनाभर खोकला हटेना, म्हणून डॉक्टरांनी एक्सरे काढायला लावला. एक्सरेवाल्यानं पाकीट चिकटवून बजावलं, "उघडू नका. डॉक्टरसाहेबच पाहतीन."

"हो, हो!" म्हणत बाहेर पडलो आणि बर्डीच्या बाजारातल्या पहिल्याच पानठेल्यापाशी पाकीट फाडलं!

फिल्म उन्हाकडे धरली. फासळ्या दिसल्या. दोन्ही बाजूंना काळं. आणि मधोमध, जरा उजवीकडे, मुठीएवढा पांढराफटक गोळा!

ठेलेवाले नत्थूजी चुना लावता लावता वाकले. "काहून गा देवराव, हे काय दिसून राहिलं?"

"काळीज असन," मी चाचरलो.

"काळीज डावीकडे राहते! हे तं उजवीकडे हाय!"

दोन गिऱ्हाइकं सरसावली. एक म्हणाला, "गाठ हाय." दुसरा म्हणाला, "माह्या साळ्याले अशीच होती. पण याच्याहून लहान." साळा आता कसा आहे, हे विचारायची हिंमत झाली नाही. नत्थूजींनी पानाचे पैसे घेतले नाहीत, तेव्हा तर माझी खात्रीच पटली!

घरी पोचलो. बायको पोळ्या लाटत होती. "उत्तरा, मले गाठ झाली वं."

तिनं स्टोव्ह विझवला, चपला घातल्या आणि माझा हात धरून निघाली. भर रस्त्यात तिनं माझा हात धरला! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा! म्हणजे प्रकरण गंभीरच.

रिक्षात मी म्हणालो, "पेन्शनचे कागद पेटीत..."

"चूप बसा!" तिचा आवाज फाटला.

डॉक्टरांनी फिल्म दिव्याच्या काचेवर लावली. पाहिली. चष्मा पुसून पुन्हा पाहिली. मी टेबलाची कड घट्ट धरली.

"फुफ्फुसं साफ आहेत. बिडी सोडा."

"आणि... तो गोळा?"

"कुठला?"

मी त्यावर बोट ठेवलं.

"अहो, ते तुमचं काळीज! फोटोतला माणूस तुमच्याकडे तोंड करून उभा असतो. त्याचं डावं ते तुमचं उजवं."

उत्तरानं पदरानं डोळे पुसले, काचेजवळ जाऊन निरखून पाहिलं आणि विचारलं, "डॉक्टरसाहेब, नक्की ना? मले तं लग्न झाल्यापासून कधी दिसलं नाही!"