थॉमसचा दगड आणि गोरखचे आंबे

"पंधरा दिवसांत तुमचा माणूस शोधून देतो," असं माधवरावांनी थेट इंग्लंडला ईमेलने ठणकावून कळवलं. लोणावळ्यात तीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस! तिकडच्या एका खेड्यातली चर्चची मंडळी आपल्या गावाचा इतिहास छापत होती. त्यात एकच पान कोरं होतं, घाटातल्या रेल्वेच्या कामावर येऊन इकडेच वारलेल्या थॉमसचं. कबर वलवणच्या माळावर, एवढाच पत्ता. थॉमसच्या बहिणीची नव्वदीतली पणती त्या पानाकडे डोळे लावून बसली होती. ते वाचून माधवरावांना खरंच गलबलून आलं होतं.

जुना नकाशा आणि टेप घेऊन ते माळ मोजायला लागले. माळाचा मालक गोरख बांधावरून बघत होता. काय चाललंय म्हणून त्याने विचारलं, तर माधवराव भाव खात म्हणाले, "इंग्लंडचं काम आहे. आत्ता बोलता येणार नाही."

झालं! गोरखने काय समजायचं ते समजून घेतलं. परदेशी कंपनी, नवा रस्ता, भूसंपादन! आणि संपादनात मोकळ्या माळापेक्षा झाडांच्या जमिनीला भाव जास्त, हे मावळात शेंबडं पोरही जाणतं. दोन दिवसांनी माधवराव जाऊन बघतात तर माळभर आंब्याची चाळीस रोपं!

त्यांनी कपाळाला हात लावला. सगळा माळ उकरलेला, आता कबर शोधायची कुठे? शेवटी गोरखला त्यांनी खरं ते सांगून टाकलं. गोरख मटकन खाली बसला.

"म्हंजी रस्ता न्हाई?"

"नाही रे. दगड शोधतोय. इंग्रजी अक्षरं कोरलेला."

"मंग आदी बोलायचं ना, सर. त्यो खड्डं घेताना लागला. बांधाला टाकलाय."

माधवराव धावत गेले. माती पुसून थॉमसचं नाव वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले. गोरखनेच दगड पुन्हा जागेवर उभा केला. फोटो त्याच संध्याकाळी रवाना झाला.

आठवड्याने उत्तर आलं. पान भरलं होतं, पणतीबाई आनंदाने रडल्या होत्या. शिवाय, थॉमसच्या स्मरणार्थ गावाने केवढी झाडं लावलीत हे फोटोत पाहून अख्खं चर्च गहिवरलं होतं. बाईंचा नातू पुढच्या वर्षी ती चाळीस झाडं बघायला येणार होता.

खरं कळवून मोकळे व्हा, असं सुनेत्राबाईंनी नवऱ्याला सुनावलं. माधवरावांनी तीनदा ईमेल लिहिला, तीनदा पुसला. गोरखने तर झाडांवरून केव्हाच हात झटकले होते.

त्यामुळे हल्ली सकाळी वलवणच्या माळावर कुणी ज्येष्ठ गृहस्थ कंबर धरून पाण्याच्या बादल्या वाहताना दिसले, तर ते आमचे माधवराव. अडतीस रोपं छान तरारली आहेत. उरलेली दोन जळाली, त्यांच्या जागी त्यांनी नर्सरीतून नवी आणून लावली, हे अजून सुनेत्राबाईंनाही ठाऊक नाही.