श्वासातून आलेला महिना

एका जंगलात, मुलांनो, त्या दिवशी विशेष असे काहीच नव्हते. अंदाज खात्याची सकाळची बैठक आटोपली होती. दामोदर कासव शेवाळाचा डबा उघडत होता. तेवढ्यात पाणकावळा आला.

"वरचे तळे आटले. तुमच्या भागूआत्या तिथेच होत्या ना?"

दामोदरने डबा बंद केला.

आता थोडे मागे जाऊ. तळ्यांचे पाणी किती दिवस पुरेल, हे सांगायचे काम या खात्याचे. पूर्वी बैठकीत भांडणे होत. अंदाज बरोबर येत, पण मने दुखावत. म्हणून हत्तीसाहेबांनी बगळेसरांना बोलावून घेतले. एका पायावर डोळे मिटून उभे राहण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. तळी आटत चालली तसे त्यांचे अंग भरत होते. ते ध्यानाने, असे सगळे म्हणत.

"आकडा डोक्यातून आणू नका," बगळेसर सांगत. "सर्वांच्या श्वासातून येऊ द्या."

वरच्या तळ्यासाठी श्वासातून महिना आला.

दामोदरच्या मते पंधराच दिवस होते. आत्याला आता चालवत नव्हते. तिला पाठीवर घेऊन खाली आणायचे, तर वर जायलाच बारा दिवस लागणार. रजा मात्र खात्याचा अंदाज पाहूनच मिळे.

"साहेब, पंधरा दिवसांच्या वर पाणी टिकत नाही."

"दामू, तुझा श्वास आखूड येतोय रे," हत्तीसाहेब मायेने म्हणाले.

माकडीणबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. कवचामुळे त्याला तो कळला नाही.

"पुन्हा बसू या," बगळेसर म्हणाले. "एकाचे मन अडले की सगळ्यांचा अंदाज अडतो. महिना मान्य असेल त्याने डोळे मिटून हात वर करावा."

दामोदरने एक डोळा किंचित उघडला. सगळ्यांचे हात वर होते. सगळ्यांचा एकेक डोळा उघडा होता.

त्यानेही हात वर केला.

सोळाव्या दिवशी पाणकावळा आला, तो असा.

दुसऱ्या दिवशी खात्याने भागूआत्यांसाठी दोन मिनिटे शांतता पाळली. बगळेसर म्हणाले, इतकी एकरूप बैठक आजवर झाली नव्हती. महिन्याचा अंदाज कायम ठेवण्यात आला.

तात्पर्य : अंदाज नेहमी सर्वांनी मिळून, शांत चित्ताने चुकवावा. म्हणजे चूक कोणा एकाला लागत नाही. दामोदरला ती लागली आहे, पण त्याने ते अजून बैठकीत मांडलेले नाही.